बैलांना मधोमध आणणारी चित्रकार

रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीचे नाव निघाले की बहुधा दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, तिने गुरेढोरे हुबेहूब रंगवली. दुसरी, ती पुरुषी पोशाखात वावरायची, त्यासाठी तिने पोलिसांचा परवाना काढला होता, ती सिगारेट ओढायची आणि तिने घरी सिंहीण पाळली होती. पहिल्या गोष्टीने ती निष्णात नक्कलकार ठरते, दुसरीने एक विलक्षण बाई. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगून झाल्या की तिच्या चित्रापुढे उभे राहण्याची गरज कोणालाच उरत नाही, आणि हा उथळपणा मला अस्वस्थ करतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपच्या चित्रकलेत श्रम हा विषय म्हणून येऊ लागला. त्या श्रमातला फार मोठा वाटा जनावरे उचलत होती. हे जनावर काम करणारे आहे, आणि काम करणारे म्हणून ते चित्राच्या मध्यभागी बसण्यास पात्र आहे, हा विचार रोझा बोनरने (१८२२-१८९९) चित्रातून मांडला. तिचा हुबेहूबपणा हे या विचाराचे साधन होते. ते साधन बाजूला काढून फक्त त्याचेच कौतुक केले की विचार हातातून निसटतो. हे तीन टप्प्यांत दाखवता येईल. त्यानंतर तिच्यावरचे आक्षेप घेऊ. त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

१. चित्रातले जनावर कोणाचे होते?

सतराव्या शतकात आंद्रे फेलिबियाँने फ्रेंच अकादमीसाठी चित्रविषयांची एक उतरंड मांडली. फळाफुलांपेक्षा निसर्गदृश्य वरचे, निर्जीव वस्तूंपेक्षा जिवंत प्राणी वरचे, आणि माणूस ही ईश्वराची सर्वांत परिपूर्ण निर्मिती असल्याने माणसाचे चित्र सर्वांत वरचे. त्यातही इतिहास-पुराणातले प्रसंग रंगवणारा श्रेष्ठ. ही उतरंड पुढे दोनशे वर्षे सालोंच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनांच्या, परीक्षकांच्या डोक्यात होती. चित्र किती मोठे असावे, त्याला किती पैसे मिळावेत, पदक कोणाला द्यावे, हे सारे तिच्यावर ठरे.

या व्यवस्थेत जनावराला बंदी नव्हती. उलट जनावरे सगळीकडे होती. पण ती कोणाची तरी होती. जाक-लुई दाविदने १८०१ मध्ये आल्प्स ओलांडणारा नेपोलियन रंगवला, त्यातला उधळलेला घोडा सिंहासनाचे काम करतो. सरदारांच्या व्यक्तिचित्रांत कुत्रा मालकाची घराणेदारी सांगतो, शिकारीच्या चित्रात हरिण राजाचे शौर्य सांगते. जनावराने स्वतःविषयी काही सांगायचे नसे.

अपवाद होते. सर्वांत मोठा अपवाद डच चित्रकार पाउलुस पॉटरचा. त्याने १६४७ मध्ये एक तरुण वळू जवळपास खऱ्या आकारात रंगवला; साडेतीन मीटरच्या आसपास रुंद असलेले ते चित्र आज हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. पण पॉटरचा वळू उभा आहे. त्याच्याकडून कोणी काम करून घेत नाही. तो डच कुरणांच्या सुबत्तेचा पुरावा आहे, आणि त्या अर्थाने तोही मालमत्ताच आहे. जुवाखालचे, ओढणारे, दमणारे जनावर मोठ्या कॅनव्हासच्या केंद्रस्थानी यायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

२. हुबेहूब म्हणजे काय?

बोनरच्या चित्रांना 'फोटोसारखी' म्हणण्याची सवय आहे. हे कौतुक काळाच्या हिशेबातच बसत नाही. १८४९ च्या सुमारास चालती बैलजोडी कॅमेऱ्यात स्पष्ट पकडणे जवळजवळ अशक्य होते. प्रकाश टिपायला लागणाऱ्या वेळात जनावर हलले की त्याचा धूसर डाग उमटे. धावत्या घोड्याचे पाय कसे पडतात हे मायब्रिजच्या छायाचित्रांनी दाखवले ते १८७८ मध्ये. म्हणजे बोनरने जे 'हुबेहूब' रंगवले ते कोणत्याही यंत्राला तेव्हा दिसत नव्हते. ते तिने जाणून रंगवले होते.

हे जाणणे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. वडील रेमाँ बोनर चित्रकार होते. चारही मुलांना त्यांनीच घडवले आणि चौघेही प्राण्यांच्या कलेतच रमले. लूव्रमध्ये जुन्या चित्रांच्या प्रती करणे हे शिक्षण तिला मिळालेच. पण खरे शिक्षण पॅरिसच्या रूल भागातल्या कत्तलखान्यात झाले. तिथे जनावर जिवंत येई आणि तुकड्यांत जाई. कातडी सोलल्यावर खांद्याचा स्नायू फऱ्याच्या हाडावर कसा बसलेला असतो, मान खाली गेली की पाठीच्या कण्याला कसा बाक येतो, हे तिने रक्तमांसात उभे राहून पाहिले आणि कागदावर उतरवले. शवविच्छेदनाचाही तिने अभ्यास केला. ज्या काळात मुलींना चित्रकलेच्या सरकारी शाळेत प्रवेश नव्हता (एकोल दे बोझारचे दार स्त्रियांना १८९७ मध्ये उघडले), त्या काळातली ही गोष्ट आहे.

पोलिसांच्या परवान्याकडे आता या बाजूने पाहावे. पॅरिसमध्ये स्त्रीला पुरुषी कपडे घालायचे तर पोलिसांची परवानगी लागे. बोनरला १८५७ मध्ये मिळालेला असा परवाना आरोग्याच्या कारणावर, सहा महिन्यांपुरता आहे. कत्तलखाना आणि गुरांचा बाजार ही कसाई, दलाल आणि सईस यांची जागा. तिथे घेरदार झग्यात बाई उभी राहिली की काम कमी आणि तमाशा जास्त. पँट ही तिच्यासाठी रंगपेटीइतकीच कामाची वस्तू होती. तिचे आयुष्य तिने आपल्या मनाप्रमाणे जगले, आधी नाताली मिका आणि शेवटच्या काळात अमेरिकन चित्रकार अ‍ॅना क्लंपके यांच्या सहवासात, आणि त्या आयुष्याची नोंद घेणे योग्यच आहे. पण परवान्याची कथा सांगताना तो कशासाठी वापरला गेला हेच गाळायचे, हा अन्याय आहे.

या ज्ञानाचा उपयोग काय झाला, हे समजायला तिच्या समकालीन एडविन लँडसियरशी तुलना करून पाहावी. इंग्लंडात लँडसियर प्रचंड लोकप्रिय होता आणि त्याचा हात विलक्षण होता. पण त्याचा कुत्रा धन्याच्या शवपेटीवर हनुवटी टेकून शोक करतो, दुसरा न्यायाधीशासारखा खुर्चीत बसतो. जनावराला आपल्या भावना चढवल्या की ते आपल्याला जवळचे वाटते, आणि याच कारणाने ते जनावर म्हणून नाहीसे होते. बोनरने हा मोह टाळला. तिच्या बैलाच्या डोळ्यात करुणा किंवा तक्रार रंगवलेली नाही. तिथे ओल आहे, पापणीची जाड कड आहे आणि आपल्याला न कळणारे एक लक्ष आहे. प्राण्यांना आत्मा असतो असे ती मानायची. हे मानणाऱ्या चित्रकर्तीने त्या आत्म्याला माणसाचा मुखवटा चढवला नाही, हे मला तिचे सर्वांत मोठे वैचारिक धैर्य वाटते.

३. निव्हर्नेमधली नांगरणी

आता चित्र. मध्य फ्रान्समधल्या निव्हर्ने प्रदेशातले 'निव्हर्नेमधली नांगरणी' १८४९ चे. फेब्रुवारी १८४८ च्या क्रांतीनंतर आलेल्या नव्या प्रजासत्ताक सरकारने तीन हजार फ्रँक देऊन ते तिच्याकडून करून घेतले, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. रुंदी सुमारे २ मीटर ६० सेंटिमीटर, उंची त्याच्या निम्मी. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

विषय साधा आहे. हिवाळ्याआधीची पहिली नांगरट, जमीन उलथून थंडीवाऱ्यासाठी उघडी ठेवण्याची. सहा-सहा बैलांचे दोन नांगर. पुढच्या नांगराचे बैल चित्राच्या मध्यभागून उजवीकडे, किंचित चढावर निघालेले. दुसरा नांगर मागे. वर निम्म्याहून अधिक जागा निरभ्र आकाशाने घेतली आहे. खाली, अगदी आपल्या पायाशी, नुकतीच उलथलेली माती: ओली, तपकिरी, फाळाने कापलेल्या ढेकळांच्या कडा चकाकतात, मधून गवताची मुळे बाहेर आलेली. या मातीसाठी चित्रकर्तीने जितका रंग खर्च केला आहे तितका एकाही माणसासाठी केलेला नाही.

माणसे आहेत. एक जण लांब पराणी उगारून बैलांच्या बाजूने चालतो, नांगर धरणारा मागे आहे. पण बैलांच्या देहांपुढे ती लहान पडतात आणि त्यांचे चेहरे टोपीच्या सावलीत किंवा पलीकडे वळलेले आहेत. ऊन पडले आहे ते बैलांच्या पाठींवर. ही फिकट, पांढुरकी, शारोले-निव्हर्ने जातीची जनावरे. त्यांत एखादे तांबूस. एकाचे वजन पुढच्या पायांवर आले आहे, दुसऱ्याची मान जोडीदाराकडे झुकली आहे, तिसरा ओढतो आहे पण त्याचा जोडीदार किंचित मागे आहे. बारा बैल, आणि एकाची जागा दुसऱ्याला देता येणार नाही. आणि त्यातला एक चालता चालता आपल्याकडे पाहतो. चित्रात पाहणाऱ्याशी नजर भिडवणारा तोच आहे.

हा योगायोग नव्हे. जुन्या चित्रकलेत प्रेक्षकाकडे पाहण्याचा मान व्यक्तिचित्रातल्या राजाला, पाद्र्याला, सावकाराला असे. बोनरने तो मान जुवाखालच्या बैलाला दिला आणि माणसाला काम करणाऱ्यांच्या रांगेतला एक घटक केले. उतरंड इथे शब्द न वापरता उलटी होते.

या चित्रापुढे मराठी माणसाकडे एक जादा डोळा असतो, असे मला वाटते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू ज्या ठिकाणी घासले त्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावून तो चोळला जातो. श्रम जनावराच्या अंगावर नेमका कुठे साठतो, हे ज्ञान त्या विधीत आहे. ज्याने ती जागा हाताने चोळली आहे त्याला बोनरच्या चित्रात बैलांचे खांदे आणि मानेचे स्नायू एवढ्या काळजीने का रंगवले आहेत, हे सांगावे लागत नाही. एक फरक त्याच्या लगेच ध्यानात येईल: या बैलांना वशिंड नाही. आपल्या खिल्लार किंवा देवणी बैलाच्या खांद्यावर जू वशिंडापुढे टेकते. मध्य फ्रान्समध्ये जू डोक्यामागे शिंगांना बांधण्याची रीत होती, त्यामुळे ओढण्याचा ताण मान आणि डोक्यावर येतो आणि मस्तक खाली दाबले जाते. ती झुकलेली मस्तके म्हणजे नम्रता नव्हे, तो त्या जुवाचा परिणाम आहे. शेतीचे ज्ञान असलेला प्रेक्षक इथे कलासमीक्षकापेक्षा चांगला वाचक ठरतो.

आकाराचाही विचार

चार वर्षांनी, १८५३ च्या सालोंमध्ये, 'घोड्यांचा बाजार' आला (१८५५ मध्ये तिने त्यावर पुन्हा हात फिरवला). पॅरिसच्या लॉपिताल बुलेव्हारवरचा बाजार, मागे साल्पेत्रियेर रुग्णालयाचा घुमट. सुमारे दीड वर्ष ती आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन रेखाटने करत होती. चित्र जवळपास अडीच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद झाले. हे माप लढाया आणि राज्याभिषेकांचे. घोड्यांच्या वर्तुळाकार हालचालीमागे पार्थेनॉनवरच्या शिल्पपट्टीची प्रेरणा होती. देवीच्या उत्सवातल्या मिरवणुकीची रचना तिने ओझे वाहणाऱ्या पेर्शेराँ घोड्यांना आणि त्यांना आवरणाऱ्या दलालांना दिली. एर्नेस्ट गाम्बार या विक्रेत्याने चाळीस हजार फ्रँकला ते घेतले, राणी व्हिक्टोरियाने ते खास मागवून पाहिले, आणि १८८७ मध्ये कॉर्नेलियस व्हँडरबिल्टने ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले.

आक्षेप पहिला: ती माणसाचा चेहरा टाळते

हा आक्षेप इंग्लिश कलासमीक्षक जॉन रस्किनचा, आणि तो साधासुधा नाही. त्याचे म्हणणे असे की माणसाच्या चेहऱ्यापासून पळणारा प्राणिचित्रकार पूर्णपणे मोठा होऊ शकत नाही, आणि बोनर स्पष्टपणे पळते. 'घोड्यांचा बाजार'मध्येही चेहरे झाकले गेले आहेत, हे त्याने टिपले.

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. 'नांगरणी'च्याच साली, १८४९ मध्ये, गुस्ताव्ह कुर्बेने 'दगडफोडे' रंगवले. त्यातला म्हातारा टोपीच्या सावलीत आहे, पोराने आपल्याकडे पाठ केली आहे. मिलेच्या 'सरवा वेचणाऱ्या' (१८५७) बायकांचे चेहरेही खाली वाकून काळोखात गेले आहेत. कुर्बे आणि मिलेच्या बाबतीत आपण म्हणतो की चेहरा झाकून त्यांनी श्रमाने पुसलेले माणूसपण दाखवले. मग तीच गोष्ट बोनरने केली तर ती दुबळेपणाची खूण कशी होते? एकाच कृतीला दोन मापे लावली जात आहेत, आणि दुसरे माप लावण्याचे कारण चित्रात सापडत नाही. बोनर तर एक पाऊल पुढे गेली. तिने झाकलेल्या चेहऱ्याची रिकामी जागा जनावराच्या चेहऱ्याने भरली. रस्किनला हे पळणे वाटले, कारण माणूस मध्यभागी नसलेली रचना त्याच्या विचारात बसत नव्हती.

आक्षेप दुसरा: हे सत्ताधाऱ्यांना हवे असलेले शांत खेडे आहे

हा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. जून १८४८ मध्ये पॅरिसच्या कामगारांचा उठाव सैन्याने चिरडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये, सार्वत्रिक पुरुष मतदानावर, ग्रामीण मतांच्या बळावर लुई-नेपोलियन अध्यक्ष झाला. अशा वेळी सरकारी पैशाने केलेले, ऊन पडलेले, निरभ्र आकाशाखालचे शेत हे कोणाच्या सोयीचे होते, हा प्रश्न विचारायलाच हवा. चित्रात खंड नाही, कर्ज नाही, भूक नाही. जमीन कोणाची हे कळत नाही. कुर्बेच्या दगडफोड्यांच्या फाटक्या कपड्यांशेजारी बोनरचे शेत फार नीटनेटके वाटते. हे मी मान्य करतो. माणसांच्या वर्गसंघर्षाविषयी हे चित्र जवळजवळ गप्प आहे.

पण त्यातून ते चित्र निर्विचार ठरत नाही. ज्या शेतकऱ्याविषयी कुर्बे बोलत होता त्याच्याविषयी बोलायला निदान भाषा तयार होत होती: समाजवादी पत्रके होती, सभा होत्या. नांगरणाऱ्या बैलाविषयी अशी भाषा नव्हती. जुलै १८५० मध्ये फ्रान्सने ग्रामाँ कायदा केला, पाळीव जनावरांच्या छळाबद्दल दंड आणि काही दिवसांची कैद ठरवणारा. पण तो लागू होता सार्वजनिक ठिकाणी केलेल्या छळाला. चार भिंतींआड मारले तर कायद्याला देणेघेणे नव्हते. म्हणजे कायद्याचे लक्ष जनावराच्या वेदनेइतकेच, कदाचित त्याहून जास्त, ती वेदना पाहून बिघडणाऱ्या माणसावर होते. त्याच्या वर्षभर आधीच्या या चित्रात जनावर कोणाच्या दयेचा विषय म्हणून येत नाही. ते काम करते, आणि त्याच्या कामाचे वजन आपल्याला मोजायला लावते. त्या काळच्या कायद्यापेक्षा हा विचार पुढचा आहे.

आक्षेप तिसरा: दारे बंद होती म्हणून जनावरे

स्त्रियांना नग्न मॉडेलवरून अभ्यास करता येत नव्हता, म्हणून इतिहासचित्र त्यांच्या आवाक्यात नव्हते, म्हणून तिने खालचा विषय घेतला, असा युक्तिवाद तिच्या चाहत्यांकडूनही होतो. तो दयाळू दिसतो, पण तिला पुन्हा खालच्या पायरीवर बसवतो. बंद दारांमुळे कितीतरी स्त्रिया फुलांकडे आणि लघुचित्रांकडे वळल्या, हे खरे आहे. पण बंद दार कत्तलखान्यात पाठवत नाही, आणि पाच मीटरचा कॅनव्हासही उभा करवत नाही. १८४१ च्या सालोंमध्ये पहिल्यांदा ससे आणि शेळ्यामेंढ्या घेऊन आलेल्या या एकोणीस वर्षांच्या मुलीने पुढे विषय बदलण्याची ऐपत आल्यावरही तो बदलला नाही. १८६५ मध्ये सम्राज्ञी युजेनीने तिला 'लेजियाँ द'ऑनर' हा सन्मान दिला, तो मिळवणारी ती पहिली स्त्री चित्रकार. तेव्हा ती कोणतेही चित्र करायला मोकळी होती. तिने गुरेच रंगवली.

तिचे उणे कुठे आहे

लोकप्रियतेमुळे ती कमअस्सल, हा चौथा आक्षेप मी विचारात घेत नाही. चित्र कितीला विकले यावरून त्याचा विचार ठरत नाही.

खरे उणे वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ते माझ्याच प्रतिपादनातून निघते. १८६० च्या सुमारास ती फाँतेनब्लोच्या जंगलाजवळ बी इथल्या वाड्यात राहायला गेली. तिथे तिने मेंढ्या, हरणे आणि पुढे सिंहही पाळले. या काळात तिने सिंहांची कुटुंबे रंगवली. १८८९ मध्ये पॅरिसला आलेल्या बफेलो बिलचे घोड्यावरचे चित्रही केले. हात अजून तितकाच तयार आहे, आयाळीचा केस न् केस बरोबर आहे. पण सिंह कोणाचे काम करत नाही. त्याच्यावर जू नाही, त्याला कोणाचा नांगर ओढायचा नाही, म्हणून त्याच्या शरीराचे ज्ञान चित्रात नुसते शरीराचे ज्ञान होऊन राहते. 'जनावरे काय हुबेहूब काढली आहेत' हा शेरा या चित्रांना मात्र चपखल बसतो, कारण तिथे त्याहून अधिक फारसे काही नाही. तिच्या नावाला चिकटलेला तो शेरा तिच्या दुय्यम कामावरून घेऊन मुख्य कामावर चिकटवला गेला असावा, असा माझा तर्क आहे. 'निव्हर्नेमधली नांगरणी', 'घोड्यांचा बाजार' आणि १८५५ चे 'ओव्हेर्नमधली गवतकापणी', जिथे गवताची गाडी ओढणारे बैल पुन्हा मध्यभागी आहेत, या तीन चित्रांवर तिची किंमत ठरवावी. बीमधले सिंह त्या हिशेबातून वगळले तरी तिचे काही कमी होत नाही.